कोनाड्यातलं पत्र

मित्रांनो, माझ्या माळ्यावरच्या कोनाड्यात एक पत्र सहा वर्षं उत्तराविना पडून होतं. ते कुणाचं, हे सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं. मी एक जुनं, तटबंदीचं दगडी शेतघर आहे. वय नक्की ठाऊक नाही. सांगण्यात चूकभूल असेल.

लुटारूंच्या काळात मला बांधलं. भिंती दोन हात जाड, दगड चुन्यात बसवलेले. खाली गुरं, वर माणसं. वर जायला शिडी. धोका दिसला की ती ओढून घेत. खिडक्यांऐवजी जंग्या, म्हणजे बाहेरून चार बोटं आणि आतून हातभर रुंद अशा फटी. त्यांतून नेम धरायचा. लुटारू दोनदा आले आणि हात हलवत परतले. पुढे ते दिवस सरले. जंग्यांत कबुतरं राहू लागली, शिडीच्या जागी पायऱ्या आल्या.

माझे आताचे मालक शाळेत मास्तर होते. कुठेतरी वाचून त्यांनी माझ्या पूर्वेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करवला. जुने गवंडीकाका नको म्हणत होते. सिमेंटआड ओल कोंडली आणि भिंतीला पोट आलं. मग गवंडीकाकांचं पत्र आलं: 'सिमेंट खरवडून चुना भरू द्या. अजून हात चालतात. भिंत गेली तर छप्परही जाईल.'

मास्तर ओशाळले. उत्तर लिहीत आणि फाडत. या वर्षी भेगेत मूठ जाऊ लागली, तेव्हा सुनेने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, त्यांना माफीचा निबंध नकोय. दोन ओळी लिहा."

"सहा वर्षं झाली गं. काय म्हणतील?"

"म्हणतील, उशिरा येणाऱ्या पोरांना तर मास्तर वर्गाबाहेर उभं करायचे."

मास्तरांना हसू आलं. त्यांनी लिहिलं, 'चूक माझी. जमेल तेव्हा या. चुना आजच भिजत घालतो.'

मित्रांनो, आम्हा जुन्या घरांची काळजी जरूर घ्या. पण ज्याच्या हातांना आमची ओळख आहे, त्याला आधी विचारा. एवढंच मागणं.

पूर्वेची जंगी रस्त्यावर रोखलेली आहे. तिच्यातून मला मास्तर टपालपेटीपाशी दिसले. बराच वेळ उभे होते. पत्ता पुन्हा वाचला. मग पाकीट आत सोडलं, आणि ते अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत दोन बोटं घालून पाहिलं.