पिस्तुलाची गोळी, रायफलचा थाट

मला हळू बोलता येत नाही. मशिनं चालू असली तरी विनयाचं बोलणं गेटपर्यंत ऐकू जातं, असं माझा नवरा अनिश दिल्लीजवळच्या आमच्या सगळ्या मानेसरला सांगत फिरतो. फिरू दे. पण त्या गुरुवारी सकाळी मी गप्प होते. भीतीही वाटत होती आणि त्याच वेळी उड्या माराव्याशा वाटत होत्या, मग बोलणार काय?

आमची कंपनी छोटी, पण सरकारी परवान्याची. पोलिसांसाठी शस्त्रं बनवते. एका राज्याच्या महिला पोलिसांना कार्बाइन हवी होती. म्हणजे रायफलसारखी खांद्याला लावून चालवायची, पण गोळी पिस्तुलाची. गर्दीच्या बंदोबस्तात रायफलची गोळी कुठल्या कुठे जाते, ती नको. अट एकच कडक, गोळ्या भरायच्या रिकाम्या मॅगझिनसकट वजन तीन किलोच्या आत. चाचणीसाठी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती, आणि तिच्यातून जाणारी कार्बाइन आम्हाला त्या दिवशी सुट्या भागांमधून निवडून जुळवायची होती.

लग्नाच्या साड्या काढून ठेवतात ना, तसे सगळे भाग टेबलावर हिरव्या कापडावर मांडले होते. मुठी तीन प्रकारच्या, नेम धरायच्या साइट दोन, लांब नळी, आखूड नळी. हे घे, ते ठेव, हे हातात धरून बघ. मजा येत होती यार. लहान पंजाला बसणारी बारीक मूठ मी पटकन उचलली आणि कोणी हरकत घेतली नाही. साइटवर थोडी बाचाबाची झाली, तीही मीच जिंकले. माझे कान गरम झाले होते.

खरी गोष्ट पुढेच होती. दस्ता. बंदुकीचा खांद्याला टेकतो तो भाग. आमचा दस्ता मी बनवलाय. दोन वर्षं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. ठेंगणी असो की उंच, खटका दाबून जिने तिने आपल्या मापाला मागेपुढे करावा असा. आणि मागे जाडजूड रबरी गादी, जिचा साचा मला तीनदा बदलावा लागला होता. पण टेबलाच्या कोपऱ्यात आमच्या प्रमुखांनी, पद्माकर सरांनी, बाजारातून आणलेला एक तारेचा दस्ता ठेवून दिला होता. हलका, घडीचा, एकाच मापाचा. वेळ पडली तर असू दे, म्हणाले. तो बघितला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सगळं जुळवून काट्यावर ठेवलं. तीन किलोच्या वर. थोडंसंच, पण वर ते वर. अनिश माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. कारण तोही इथलाच, आणि लांब नळी त्याची. ती गुळगुळीत करण्यात त्यानेही काही कमी रात्री घालवल्या नव्हत्या. महिनाभर आमच्या घरी आमटीबरोबर हेच शिजत होतं. तू दस्ता हलका कर, नाही तू नळी आखूड कर. सासूबाईंनी पुण्याहून फोन करून विचारलं होतं की तुमचं नक्की कशावरून चाललंय. नळीवरून, असं सांगितल्यावर त्यांना वाटलं नळ गळतोय, आणि त्यांनी प्लंबर बोलवायला सांगितलं.

पद्माकर सर म्हणाले की भांडू नका, केतकी चालवेल आणि मग ठरवू. केतकी बारवकर आमची चाचणीवाली. आधी केंद्रीय दलात होती, आता दिल्लीहून, आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून रोज येते. उंचीने माझ्या खांद्याला लागेल, पण नेम असा की बघत राहावं. मापं घेताना सगळ्यात आधी मी तिचीच घेतली होती.

गोळीबाराच्या रेंजमध्ये केतकी आली ती बुलेटप्रूफ जॅकेट घालून. बंदोबस्तात घालतात ते, पूर्ण जाडीचं. तिने कार्बाइन खांद्याला लावली, दस्ता अगदी आत सरकवला, आणि मान पुढे ताणली. तरी डोळा साइटला पोचेना. परत लावली. परत मान ताणली.

तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई गं, मी सगळ्यांची मापं कुडत्यावर घेतली होती. ऑफिसमध्ये, एसी लावून, चहा पीत. जॅकेटची जाडी खांदा आणि दस्त्याच्या मध्ये येणार, हे डोक्यात आलंच नाही. पद्माकर सरांनी तारेचा दस्ता मागवला. केतकीने तो लावून चार गोळ्या झाडल्या आणि गाल चोळला. लोखंड हाडाला लागतंय, म्हणाली. पण डोळा पोचत होता आणि वजनही बसत होतं. सर म्हणाले, हाच पाठवू.

मला रडू यायला लागलं आणि मग रडू येतंय याचाच राग आला. मी म्हटलं, सर, निदान एकदा माझ्या हाताने तरी चालवू द्या. ते नाही म्हणाले असते तरी मी ऐकलं नसतं. माझा दस्ता परत चढवला, कान झाकले आणि नुसत्या कुडत्यावर खांद्याला लावून सगळी मॅगझिन रिकामी केली. रागारागाने. नेम गेला खड्ड्यात.

मॅगझिन संपली आणि मी तशीच उभी राहिले. खांद्याला काहीच लागलं नव्हतं. कोणी कोपराने ढोसावं, तेवढंसुद्धा नाही. मग ती गादी कशासाठी? रायफल लाथ मारते म्हणून तिला गादी. ही कुठे लाथ मारते? गोळी पिस्तुलाची आणि मी तिला रायफलचा थाट करून बसवलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि गादीचे स्क्रू काढायला लागले. घाईत एक स्क्रू घरंगळत गेला. पद्माकर सर विचारत होते की काय करतेस, काय करतेस. दोन वर्षांतलं माझं सगळ्यात लाडकं काम माझ्या हातात आलं, जाड, काळं, मऊ. मी ते बाजूला ठेवलं आणि बिनगादीची कार्बाइन केतकीला दिली. गादी जेवढी जाड, तेवढा दस्ता आता आखूड झाला होता, जॅकेटपुरती जागा निघाली होती.

पण काट्यावर ठेवली तर वजन अजून जरासं जास्त भरत होतं. सरांची नजर पुन्हा तारेच्या दस्त्याकडे वळली. अनिश इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि आखूड नळी उचलली.

"तुझी गादी जाते तर माझी नळीपण जाऊ दे," तो म्हणाला. "या गोळीतली दारू एवढ्याशातच जळून जाते. पुढची लांबी मी शोभेला ठेवली होती."

हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या नवऱ्याने! मला त्याला मिठी मारायची होती, पण समोर सर होते.

आखूड नळी चढली. काटा तीनच्या खाली आला. केतकीने जॅकेटचे पट्टे घट्ट केले, कार्बाइन खांद्याला लावली आणि या वेळी मान ताणली नाही. गाल आपसूक टेकला. पन्नास मीटरवर, जिथे मघाशी तिने लांब नळीने भोकं पाडली होती, तिथेच आखूडनेही पाडली, एकमेकांना चिकटून. मी ओरडले. गेटवरच्या माणसाने काय झालं म्हणून फोन केला इतकी ओरडले.

केतकीने मॅगझिन काढली, बंदूक रिकामी असल्याचं दोनदा तपासलं, पण ती खाली ठेवली नाही. परत खांद्याला लावून बघितली. परत.

"मॅडम, नोकरीभर मला दुसऱ्याच्या मापाची बंदूक मिळाली," ती म्हणाली. "उंची वाढव, असं साहेब लोक हसत सांगायचे. मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे."

पद्माकर सरांनी चाचणीला पाठवायचा खोका उघडून ठेवला होता आणि दोन्ही हात पुढे केले होते. ती म्हणाली, थांबा सर, अजून एकदा. आम्ही सगळे थांबलो.