रिलीव्हर

"माणसाच्या जिंदगीचा दर्जा त्याच्या ध्येयावरून ठरते," रामाजींनी जाहीर केलं.

"आबाजी, भाषण नको ना. फॉर्म वाचा," संडासाच्या दाराआडून आवाज आला.

रामाजी बाहेर स्टुलावर बसले होते. मांडीवर दवाखान्याचा कागद: 'बालरुग्णाच्या जीवनाचा दर्जा'. आत अकरा वर्षांची नात दामिनी. आतड्याच्या सुजेचं तिचं हे दुसरं वर्ष. स्मृति नगरातली रविवारची दुपार इतकी सुस्त, की स्टील प्लांटचा धूरही आभाळात जागच्या जागी डुलक्या घेत होता.

"सवाल पहिला. झोप कशी लागते?"

"मस्त. काल सपनात मैत्री बागेतल्या पिंजऱ्यातला पांढरा वाघ होता. बाथरूमच्या लाइनीत माझ्या पुढे. मला बोलला, पहले तुम जाओ."

रामाजींनी गंभीरपणे लिहिलं: झोप चांगली. वाघ सभ्य.

"सवाल दुसरा. पोटापायी गेल्या दोन हप्त्यांत मनासारखं करता नाही आलं, असं कितीदा झालं?"

आत नळ सुरू झाला, बंद झाला.

"झीरो."

पेन थांबलं. मैत्रिणीचा हुकलेला वाढदिवस, बुडलेला नाचाचा क्लास, दोनदा अर्ध्यातून सोडलेली शाळा. रामाजींनी बंद दाराकडे पाहत चार बोटं मुडपली.

"झूठ कावून बोलून राहिली?"

"खरं लिहिलं तर मम्मी शुक्रवारी मैत्री बागेत जाऊ देणार नाही. पूरी क्लास ट्रिपला जाऊन राहिली."

"अन् झूठ लिहिलं तर डॉक्टर दवाई कशी बदलंल?"

"मालूम आहे."

रामाजींची तेहतीस वर्षं प्लांटातल्या ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर गेली होती. तिथे रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नसते. एकदा रामाजींचं पोट बिघडलेलं, आणि त्यांचा रिलीव्हर भाऊराव तीन तास उशिरा आला. त्या तीन तासांत रामाजींनी पोट आवळून ज्या देवांना हाका मारल्या, त्यातले काही पोथ्यांतही नव्हते. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आज दाराला सांगितलं.

आत खुदकन हसू.

"मग?"

"मग काय! भाऊराव आला. वाघच वाटला मले."

रामाजी म्हणाले, "शुक्रवारी मी येतो. तिथल्या बाथरूमच्या दाराजवळ बेंचावर बसतो."

"सगळ्या हसतील ना!"

"मी तुले ओळखतच नाही. पेपर वाचून राहिलो. तू पळत आली, की लाइन थांबवतो. मम्मीले समजावणं माझी ड्यूटी."



"पाच लिहा," दामिनी म्हणाली.

"चार होते ना?"

"एक तुमाले मालूम नाही."

रामाजींनी विचारलं नाही. पाच लिहिले. डोळे मिटताच बेंच दिसला, पेपर दिसला, आणि शेजारी पंजे जुळवून बसलेला पांढरा वाघ. आता जिंदगीबद्दल एक पक्कं वाक्य सापडल्यासारखं वाटलं. त्यांनी घसा खाकरला.

"आबाजी."

"बोल, माय."

"नळ गेला. एक बादली पाणी द्या ना."