जांभूळकोंडचं लाइव्ह

महाडच्या केबलवर जुल्फिकारने पहिलं थेट प्रक्षेपण केलं ते मार्च २००७ मध्ये, चवदार तळ्यावरून. कुवेतहून येताना त्याने एक मुठीएवढा चंदेरी कॅमेरा आणला होता, मुलांचे वाढदिवस काढायला. तोच राजेंद्रने हातात धरला. त्यातून निघालेली वायर खांबाखांबावरून जुल्फिकारच्या केबलच्या खोलीपर्यंत गेली होती. चित्र स्वच्छ आलं, आवाज नीट आला, मध्ये काही तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या. चित्राबद्दल एकही नव्हती. लोकांचं म्हणणं असं, की तळ्यावर टीव्हीवाले दिसलेच नाहीत.

"मी स्वतः तिथे होतो," एक निवृत्त मुख्याध्यापक खोलीत येऊन म्हणाले. "कॅमेरा नव्हता. मग हे लाइव्ह आलं कुठून?"

"सर, राजेंद्रच्या हातात होता."

"तो होय? मला वाटलं मोबाइल आहे. मी आपला तोंड फिरवून उभा राहिलो."

राजेंद्र पोलादपूरचा. वडील शिक्षक, हा मात्र लग्नांची शूटिंग करत असे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अर्ध्या संसारांची सुरुवात त्याच्याकडे टेपवर होती. मुंबईच्या एका नव्या वृत्तवाहिनीने त्याला सांगितलं होतं की पावसाळ्यातल्या चांगल्या क्लिपा पाठवा, घेऊ. जुल्फिकारच्या डोक्यात त्यावरून पुरता धंदा उभा राहिला होता: महाडात लाइव्ह दाखवायचं, मुंबईला क्लिपा विकायच्या. त्यासाठी नवा कॅमेरा घ्यायचा ठरलं आणि दोघे मुंबईला गेले.

फोर्टातल्या दुकानात काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले गेले. एक हातात मावणारा, एक खांद्यावर घ्यायचा.

"जुल्फीभाई, हा छोटा घेऊ," राजेंद्र म्हणाला. "आंबेनळी घाटात पावसाळ्यात दुपारीही अंधार असतो. कमी उजेडात हा चांगला दिसतो. पिशवीत राहतो. दरड कोसळली की दोन मिनिटांत बाहेर काढता येतो."

जुल्फिकारने मोठा उचलला आणि चमकून दुकानदाराकडे पाहिलं. "हा इतका हलका कसा?"

"आत मशीन छोट्यातलंच आहे," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलण्याच्या भानगडीत पडला नाही. "छोट्यातलंही साधं. बाकी मोकळी जागा."

"मोकळी कशासाठी?"

"लग्नवाल्यांना खांद्यावर लागतो. खांद्यावर ठेवायला काहीतरी पाहिजे ना."

राजेंद्रला वाटलं, आता निकाल लागला. लागलाही. जुल्फिकार कॅमेरा खांद्यावर घेऊन दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाला, "हाच बांधा."

घरी त्याच्या बायकोने, महरुन्निसाने, खोका उघडताना बघितला. राजेंद्रने आतली हकीकत सांगितली. "म्हणजे पातेलं देगेएवढं आणि भात वाटीभर," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना पहिल्यापासून तेच आवडतं."

तिचं काही चुकलं नव्हतं, आणि जुल्फिकारचंही. मोठा कॅमेरा आल्यापासून महाडात त्याच्या केबल नेटवर्कला मान आला. भाषणं कॅमेरा पोचल्याशिवाय सुरू होत नसत. शाल एकदा घालून झाली असेल तर काढून पुन्हा घालत. वायर पोचत नसे तिथलं राजेंद्र टेपवर काढी आणि जुल्फिकार दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहून दाखवी. त्याला कोणी हरकत घेतली नाही. उलट लोक बरं म्हणत, कारण कार्यक्रमाला हजर राहून लाइव्ह घरी बसून बघता येत असे.

जूनच्या शेवटी राजेंद्रची मावशी गीताबाई पोलादपूरला त्याच्या घरी आली. ती जांभूळकोंडची. उमरठच्या पुढे जीप सोडायची, मग पायवाट, मग डोंगरातला ओढा, वहाळ, आणि वहाळाच्या पलीकडे कोंडाची वाडी. वहाळावर साकव होता, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल; तो दोन पावसाळ्यांमागे वाहून गेला. तेव्हापासून चार महिने कोंडातली माणसं दोराला धरून ये-जा करत. तिची सून शर्मिला गरोदर होती आणि दिवस श्रावणात भरत होते.

"पोटुशी बाय दोराला धरून कशी जाईल रे?" गीताबाई म्हणाली. "मागल्या साली जानकीबाईच्या सुनेला डोलीतनं आणली, तर डोलीच हलली. पोर गेला तिचा. म्या तालुक्याच्या हापिसात जाऊन जाऊन चपला झिजवल्या. तिथला शिपाई म्हनतो, मावशे, टीवीवर आल्याबिगर काय होत नाय."

राजेंद्रने वाहिनीला फोन लावला. डेस्कवरच्या बाईंनी विषय लगेच घेतला. "दोर धरून पाण्यातून जाणारी माणसं पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगते. तुमची मागची दरडीची क्लिप आम्ही लावली नाही, कारण त्यातली सगळी माणसं रांगेत उभी राहून कॅमेऱ्याकडे बघतायत. दरडीपुढे ग्रुप फोटो काढल्यासारखं वाटतं."

"लोक बघतात मॅडम."

"तुम्ही त्यांना सांगता."

हे खरं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने डोळा कॅमेऱ्याला लागला की राजेंद्रच्या तोंडून आपोआप निघे: इकडे बघा, हळू चला, हसा जरा.

त्याने जुल्फिकारकडे कुवेतचा छोटा कॅमेरा मागितला. जुल्फिकारला ते ऐकवेना. "अरे, आपलं नेटवर्क पहिल्यांदा पोलादपूर तालुक्यात चाललंय. वाढदिवसाचा डबा घेऊन जाणार? लोक काय म्हणतील, बंद पडलं का?"

म्हणून मोठाच गेला. राजेंद्र तो खांद्यावर घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरला आणि चहा पिईपर्यंत ही बातमी त्याच्या पुढे निघून गेली. एका पतसंस्थेने त्याला थांबवून आपल्या अध्यक्षांचा सत्कार काढून घेतला. एका मंडळाने वृक्षारोपण केलं; झाड मागच्या वर्षीचंच होतं, ते उपटून पुन्हा लावलं. नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नसे. तो दिवस तिथेच गेला.

दुसऱ्या सकाळी तो वहाळावर पोचला तेव्हा साकव उभा होता.

बांबू आडवे टाकून वर शाळेच्या बाकांच्या फळ्या ठोकल्या होत्या. कठड्याला मांडवाचं भगवं-पांढरं कापड गुंडाळलं होतं आणि अलीकडच्या टोकाला लाल फीत होती. सरपंच मालोजी इस्त्रीच्या कपड्यांत, हातात नारळ घेऊन उभे होते. शेजारी तालुक्याच्या कार्यालयातले साहेब, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. कोंडातल्या बायकांना ठेवणीतली लुगडी नेसून पलीकडे उभं केलं होतं.

"या, या, राजेंद्र. तुमच्यासाठीच थांबलोय," मालोजी म्हणाले.

"दोर कुठाय?"

"काढून ठेवला. टीव्हीवर बरा नाही दिसत."

यानंतर राजेंद्रने जे केलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने कॅमेरा खांद्यावर घेतला, डोळा लावला आणि त्याला समोर फुलं, फीत, नटलेल्या बायका आणि मधोमध वाट दिसली. असं दृश्य त्याने शेकडो वेळा काढलं होतं. मालोजींनी नारळ फोडला. गीताबाईला पहिली म्हणून साकवावर चढवलं. ती भेदरून फळ्यांकडे बघत चालू लागली, तसा राजेंद्र म्हणाला, "मावशी, हळू. इकडे बघ. हस जरा."

भाचा म्हणतोय म्हणून गीताबाई हसली.

टेपची एक प्रत संध्याकाळी महाडच्या नाक्यावर मुंबईच्या बस ड्रायव्हरकडे दिली. दुसऱ्या दिवशी डेस्कवरच्या बाईंचा फोन आला. "हे उद्घाटन आहे," त्या म्हणाल्या. "उद्घाटनं आमच्याकडे पुष्कळ येतात." जुल्फिकारने मात्र ती टेप महाडात तीन वेळा लाइव्ह दाखवली आणि ती सर्वांना आवडली. दरम्यान वरच्या डोंगरात पाऊस झाला. बांबू, फळ्या आणि मांडवाचं कापड सावित्री नदीच्या दिशेने गेलं. शाळेत पोरं जमिनीवर बसू लागली.

गीताबाई कार्यालयात गेली. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"बाई, जांभूळकोंडला साकव आहे," ते म्हणाले.

"व्हता. ग्येला वाहून."

"मी स्वतः पाहिलाय. टीव्हीवर सगळ्या महाडने पाहिलाय. तुम्हीच पहिल्या गेलात, तेही हसत."

"भाचा म्हनला हस."

"ते काही असो. तुमची मागणी पूर्ण झाली म्हणून आम्ही वर कळवलंय."

तिथून ती एसटीने थेट महाडला आली. केबलच्या खोलीत जुल्फिकार वायरींच्या गुंत्यात बसला होता, महरुन्निसा त्याचा डबा घेऊन आली होती आणि राजेंद्र मावशीला बघून उभा राहिला.

"मावशी, आता मी छोटा कॅमेरा आणतो," तो म्हणाला. "पिशवीत घालून. कोणाला कळणार नाही. तुम्ही दोरावरून जा, मी काढतो. खरं खरं काढतो."

"म्हंजे शर्मिलीला दोरावर घालायची, तुला दिसाया?"

"तसं नाही."

"मंग कसं? तू काढशील, ते मुंबैला जाईल, ते लावतील, मंग सायब वाचतील, मंग साकव येईल. तंवर माजी सून थांबंल व्हय रे?"

महरुन्निसाने तिला पाणी दिलं. गीताबाई ते प्याली, तिने पदराने तोंड पुसलं आणि कोपऱ्यात टेबलावर ठेवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"त्यो दे."

"तो घेऊन काय करणार? त्यात तर..."

"तुजी टेप-बीप नको घालू. नुसता त्यो घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतर. म्या सांगंन तवा. मागल्या टायमाला तू उतरलास न रातीत साकव उभा ऱ्हायला. दोन सालात माजे अर्ज जे करू शकले नाय ते तुज्या पेटीनं एका रातीत केलं. मला साकव पायजे बाबा, टीवी नको."

मग महरुन्निसा नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत? आता कळलं मोकळी जागा कशासाठी ठेवलीय ते."

"पण टेप नसताना..." जुल्फिकार म्हणाला. त्याला त्यात काहीतरी बेकायदा वाटत होतं.

"टेप असताना काय दिवे लावले?" ती म्हणाली.

श्रावण लागला. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पहिल्या कळा जाणवल्या तशी गीताबाईने कोंडातल्या हैबतीला पुन्हा बांधलेल्या दोरावरून पलीकडे धाडलं, उमरठच्या फोनवरून निरोप द्यायला. राजेंद्र दुपारच्या एसटीने पोलादपूरला उतरला. कॅमेरा खांद्यावर होता आणि त्यावर प्लास्टिक असूनही तो सगळ्यांना दिसत होता. तो चहाच्या टपरीवर गेला आणि मालोजींच्या पुतण्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी जांभूळकोंड. साकव पावसात कसा टिकलाय ते दाखवायचंय. मुंबईवाल्यांनीच सांगितलंय."

सकाळी साकव होता. या वेळी बांबूंच्या जागी लोखंडी पाइप होते, कारण साहेबांनी टिकलेला साकव कसा दिसावा याचा विचार केला होता. जुना वाटावा म्हणून फळ्यांवर चिखल फासला होता. मालोजींनी नारळ आणला नव्हता. टिकलेल्या साकवाला नारळ नसतो, एवढं त्यांना समजत होतं.

शर्मिला पलीकडून आली, एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने सासूचा खांदा. मधोमध थांबली, कळ जाऊ दिली, पुन्हा निघाली. कॅमेरा तिच्यावर रोखलेला होता. राजेंद्रने डोळा लावला होता, पण तोंड उघडलं नाही. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. पाइप हलले नाहीत.

"हे कधी दाखवणार?" साहेबांनी विचारलं.

"लाइव्ह चाललंय," राजेंद्र म्हणाला.

साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कॅमेऱ्यातून निघालेल्या वायरीचं दुसरं टोक राजेंद्रच्या खिशात होतं.

उमरठच्या पुढे जीप उभी होती. शर्मिलाला बसवून झाल्यावर गीताबाई मागे वळली.

"पेटी वहाळावर ऱ्हाऊ दे," ती राजेंद्रला म्हणाली.

"वहाळावर?"

"तिला परत आनायची हाय का नाय? पोरासंगती. तू पेटी घेऊन ग्येलास की हे रातीत पाइप काढतील. माजं आयकून ठेव."

संध्याकाळी पोलादपूरच्या दवाखान्यात शर्मिलाला मुलगी झाली. त्या वेळी कॅमेरा वहाळाच्या कडेला तीन पायांच्या तिकाटण्यावर, पानांच्या इरल्याखाली उभा होता आणि त्याची काच साकवाकडे होती. हैबती त्याच्यावर लक्ष ठेवून होता. साहेबांनी तेवढ्यात माणसं पाठवून कठडा घट्ट करून घेतला होता.

जुल्फिकारने आठवडाभर वाट पाहिली. लग्नाच्या तिथी नव्हत्या, पण सत्कार होते, आणि छोटा कॅमेरा घेऊन गेल्यावर लोक शाल घालायचे थांबून विचारत, मोठा येतोय ना? शेवटी तो स्वतः जांभूळकोंडला गेला. वहाळ दुथडी भरून चालला होता. साकवावरून दप्तरं घेतलेली पोरं येत होती, आणि इरल्याजवळून जाताना त्यांचा नेम होता की सरळ रांगेत चालायचं. पलीकडे मालोजी आपले दोन पाहुणे घेऊन आले होते. कॅमेरा दिसताच त्यांनी टोपी सारखी केली आणि एका गड्याला फळी बघायला सांगितलं.

गीताबाई नात मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

"मावशी, कॅमेरा न्यायला आलोय," जुल्फिकार म्हणाला. "धंदा बसलाय माझा."

"तुजा छोटा हाय ना?"

"त्याला कोणी विचारत नाही."

"ह्याला इचारतात म्हनूनच ऱ्हाऊ दे," गीताबाई म्हणाली. "पाणी उतरलं की ने. च्या घेतोस?"