गप झोपणारा माणूस

रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला गेला आणि जयसिंगला झोप लागली. डॉक्टर अनुपमा यांनी आकडा पाहिला, पट्टा सोडला, तरी तो जागा होईना. खुर्चीतच त्याची मान मागे पडली आणि असा काही आवाज सुरू झाला, की दवाखान्यासमोर कुणी ट्रॅक्टर चालू ठेवून आलंय का, हे बघायला बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

जयसिंग कवठे येमाईचा. कोरेगाव भीमाच्या कारखान्यातल्या कामगारांना तो रोज बसने न्यायचा-आणायचा. कंत्राटदार बाळासोने सगळ्या ड्रायव्हरांना तपासणीसाठी शिरूरला धाडलं होतं. डॉक्टरांची सही आणली, तरच गाडीची चावी मिळणार होती.

जाग आल्यावर त्याने रात्रपाळीचं कारण पुढे केलं. घोरता का, असं डॉक्टरांनी विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला, वाटलं तर बायकोला विचारा.

बायको, सुलक्षणा, बाहेरच बसली होती. मोटारसायकलवर येताना साऱ्या वाटेने त्याने तिला पढवलं होतं. ती आत आली, पदर सारखा केला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली,

"हे घोरत न्हाईत. लई गप झोपत्यात."

बाहेरच्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. डॉक्टर हसल्या नाहीत. झोपेत यांचा श्वास कधी मध्येच थांबतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

हे पढवलेल्यात नव्हतं. जयसिंग तिला डोळ्यांनी खुणावत राहिला. ती मात्र टेबलाची कड बोटाने चोळत होती.

"थांबतो," ती हळूच म्हणाली. "आवाजाचं काय न्हाई, त्याची सवय झालीया. आवाज बंद पडला की मी उठून बसती. पुन्यांदा सुरू झाला की आडवी व्हती."

"आणि नाहीच झाला तर?"

"हलवती. मग मला शिव्या देत्यात, आन् झोपत्यात."

सुलक्षणा रोज आपल्याआधी जागी असते, हे जयसिंग पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. म्हशींचा लळा आहे तिला, म्हणायचा. आता त्याने तिच्या डोळ्यांखाली पाहिलं, आणि मग बराच वेळ आपल्या चपलांकडे.

डॉक्टरांनी समजावलं, की रात्री झोप तुटते म्हणून दिवसा डोळा लागतो, आणि तो स्टेअरिंगवरही लागेल. यावर इलाज आहे. पण पुण्याला जाऊन तपासणी होईपर्यंत सही मिळणार नाही. जयसिंगने वाद घातला नाही. परवाच शिक्रापूरच्या चौकात मागच्या ट्रकच्या हॉर्नने तो दचकून जागा झाला होता. बस भरलेली होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

रस्त्यावर येऊन त्याने बाळासोला फोन लावला. बाळासोला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर होता, तो माणसाचं तोंड न बघता सही करायचा. संध्याकाळी येऊन चावी घेऊन जा, म्हणाला.

सुलक्षणा पिशवी धरून मोटारसायकलपाशी उभी होती. सगळं ऐकू येणारी माणसं बघतात तशी भलतीकडेच बघत होती.

"नगं," जयसिंग म्हणाला. "गाडी दुसऱ्याला द्या. बरा झालो की येतो."

एकाएकी असं काय झालं, म्हणून बाळासोने विचारलं.

"घरी झोप लई ऱ्हायलीया."

"तुझी?"

"न्हाई," जयसिंग म्हणाला. "हिची."