मालकांच्या छातीभर

मी पाया बोलतोय. आवाज जमिनीखालून येतोय, तेव्हा जरा वाकून ऐका. भिंतींचं कौतुक सगळे करतात, सणाला त्यांना चुना फासतात. माझ्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून स्वभाव थोडा तिरसट झालाय.

पालीजवळ, बिंदुसरा नदीच्या काठी, सुंदररावांची पेरूची बाग. कुदळी, खुरपी, मोटेचे नाडे ठेवायला तिथे दगडी कोठी बांधायचं त्यांनी फसली सन तेराशे पंचविसाच्या वैशाखात ठरवलं. सटवा गवंडी म्हणाला, "मालक, काळी माती हाय. पान्यात फुगती, उन्हात फाटती. मुरूम लागंस्तोवर खांदावं लागंल."

सुंदररावांनी जोडे काढले आणि त्या जागेवर तीन उड्या मारल्या. वैशाखातली जमीन ती, कशाला हलतेय!

"हाल्ली का बे?"

"न्हाई मालक."

"मग कावून खांदायचं? गुडघाभर लई झालं."

असा मी गुडघाभर जन्मलो. नारळ फुटला. हळदकुंकू मला आणि खोबरं मालकांना मिळालं. वर चार भिंती चढल्या आणि मी गप्प त्यांच्या ओझ्याखाली बसलो.

श्रावणात माती फुगली. तिनं मला एका कोपऱ्यातून उचललं आणि दुसऱ्या कोपऱ्यात तसंच सोडलं. भिंतीला बोटभर भेग पडली, दाराची चौकट वाकडी झाली. सगळे मलाच शिव्या देऊ लागले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी सुंदरराव कोठीत डुलकी काढायला गेले. दार लागेना म्हणून आतून खांदा लावून ढकललं. ते जे रुतलं ते रुतलंच. तेवढ्यात खुरपणीच्या चार बाया आल्या. खुरपी सगळी आत. मागोमाग सुंदररावांच्या कारभारीण तुळजाबाई आल्या.

"अवो, दार उघडा की!"

"वारं लई हाय," आतून उत्तर आलं.

पान हलत नव्हतं. बाया पदरात हसल्या. सटवाला बोलावणं गेलं. तो पहार घेऊन चौकट काढायला वाकला, तर तुळजाबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. आदी पाया ठरू दे. अवो, परत किती खांदायचं?"

"मांडीभर!"

"ऱ्हावा मग आतच."

त्यांनी झरोक्यातून भाकरी सरकवली. कालवण काही सरकवता येईना. थोड्या वेळानं आतून 'कमरंभर' आलं, कोरडी भाकरी संपल्यावर 'छातीभर' आलं. मी हरखलो. पण लगेच पुढे आलं, "सटवाच्या छातीभर!"

सटवा सुंदररावांच्या कोपराला लागायचा. तो बिचारा स्वतःच्या छातीकडे बघत राहिला.

"तुमच्या छातीभर," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "ह्या बाया रोज दुपारी ह्याच भिंतीच्या सावलीला बसत्यात. मीबी बसते. उद्या पडली मंजी?"

आतली पावलं भेगेपर्यंत आली.

"बरं," सुंदरराव म्हणाले. "माझ्या छातीभर."

मला भरून आलं. सटवानं पहार घातली, चौकट निघाली आणि मालक बाहेर आले. "वारं पडलं वाटतं," म्हणाले.

पाऊसकाळ सरल्यावर कोठी उतरवली. मालक स्वतः चरात उतरून मापाची काठी झाले. चर त्यांच्या छातीला लागला आणि कुदळीखाली मुरूम खणखणला. सटवानं मला खाली रुंद, वर अरुंद असं दगडचुन्यात बसवलं. अंगात बळ आल्यासारखं वाटलं. भिंती परत चढल्या, दार एका बोटानं फिरू लागलं.

पण सुंदररावांना चैन पडेना. एवढं केलं आणि दिसणार कुणालाच नाही! त्यांनी एका बाजूचा चर उघडाच ठेवला. पाहुणा आला की आधी त्याला खाली उतरवायचे, मग पाणी विचारायचे. एका जाड व्याह्यांना वर काढायला चार गडी लागले.

मृग जवळ आला. उघड्या चरात पाणी साचलं असतं तर मी पुन्हा संपलो असतो. तुळजाबाईंनी पदर खोचला, घमेलं उचललं.

"एवढुसं तरी ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले.

"न्हाई."

माती पडू लागली. शेवटचा दगड झाकताना मालक वाकले आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनीच वर माती लोटली.

त्याला कैक पावसाळे झाले. कोठी सरळ उभी आहे, बाया सावलीला बसतात. मालक अजून पाहुण्यांना आणतात, माझ्या डोक्यावर टाच आपटतात आणि सांगतात, "हितं खाली छातीभर हाय. माझ्या." पाहुणे मान डोलवतात, पण खरं कुणाला वाटत नाही. परवा तर एकानं कुदळ मागितली.

तुम्ही आलात तर खुशाल सावलीत बसा, पेरू खा. तेवढं खोदून बघू नका. मी आहे.