सावकाश उठणारी बोट

मत्स्योद्योग विकास मंडळाची पहिली देशी बोट धक्क्याला उभी होती आणि जो येईल तो एकच कौतुक करत होता, काय संथ डुलते म्हणून. मंडळाचे सभासद म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. बोट आणि पाळणा यांतला फरक त्यांना कोण सांगणार? मिस्त्रीला मात्र ते डुलणंच नको होतं. बोट त्याने बांधली होती आणि ती चालवणार होता त्याचा जावई.

बोट कलली की मिस्त्री मनात आकडे मोजायचा. ही सवय त्याला उस्तादांनी लावलेली. झटकन सरळ होणारी बोट माणसाला ओकायला लावते, पण घरी आणते. विचार करत करत उठणारीच्या डोक्यावर वजन जास्त झालेलं असतं, आणि एखाद्या दिवशी ती उठतच नाही. वर काही बांधलं नव्हतं, नुसतं धूड होतं तेव्हा ही बोट चार आकड्यांत सरळ व्हायची. आता नऊ लागत होते.

घोडं कुठे पेंड खातंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नकाशात बर्फाची खोली तळाशी होती. अध्यक्षांना ती पाहुण्यांच्या नजरेत भरायला हवी होती, म्हणून ती डेकवर आली. तिच्यावर लोखंडी गच्ची, गच्चीवर खुर्च्या. मिस्त्रीने तेव्हा ब्र काढला नाही. मोठं काम हातचं जाईल अशी भीती होती, दुसरं काही नाही.

आता तो चिटणिसांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. खोली खाली न्यायला पंधरा दिवस द्या, म्हणाला. चिटणिसांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, पंधरा दिवस तेवढे दिले नाहीत. गुरुवारची निमंत्रणं गेली होती. पहिली फेरी होऊन जाऊ दे, मग निवांत दुरुस्त करू, असं ठरलं.

"म्हणजे वरातीमागून घोडं," मिस्त्री म्हणाला. चिटणीस मनापासून हसले.

मग त्याने जावयाला गाठलं. नऊ आकडे ऐकूनही जावई काही बधला नाही.

"मामा, परक्याची असती तर दहादा तपासली असती. ही तुमच्या हातची आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. निदान लेकीला तरी नेऊ नका, एवढंच मिस्त्रीने मागितलं. तिला लहानपणापासून बोट लागायची, ती कशाला येतेय, असं जावई म्हणाला.

गुरुवारी सकाळी दोर सुटले, बोट धक्क्यापासून बरीच लांब गेली, आणि तेव्हा मिस्त्रीला गच्चीवर पाहुण्यांच्या घोळक्यात लेक दिसली. तिने तोंडाशी हात धरून हाक मारली.

"बाबा, हिच्यावर मला मळमळतच नाही हो!"

मिस्त्रीने दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवले. मागे फिरा, खाली उतर, असं तो ओरडत होता, पण इंजिनापुढे त्याचा आवाज कुठला पोचायला? लेकीला वाटलं बाबा निरोप देताहेत. तिने हात हलवला, शेजारच्यांना कौतुकाने काही सांगितलं, आणि बोट बांधणाऱ्याला निरोप द्यायला गच्चीवरचे सगळे पाहुणे उठून तिच्या बाजूच्या कठड्याला आले.

बोट धक्क्याकडे कलली. मिस्त्रीचे हात तसेच वर राहिले आणि तो मोजू लागला. नऊ झाले. दहा झाले. अकरा म्हणतानाही लेक हसत हात हलवत होती, आणि कठडा अजून खालीच येत होता.