काठोकाठ पियाला

"अगं झुलखुमोर, तुझी सासू निघाली बघ परत! बोचकं घेऊन निघालीय!"

शेजारणीची हाक भिंतीपलीकडून आली तेव्हा झुलखुमोरचे दोन्ही हात कणकेत होते. ती तशीच धावली. सासूला ती ओयी, म्हणजे आई, म्हणायची. शरोफत ओयी गल्लीच्या टोकाला कालव्याच्या पुलावर उभ्या होत्या. काखेत बोचकं, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात मुलाचा बूट. वसंतात उझबेकिस्तानातल्या मर्गिलानचा हा कालवा दुथडी वाहतो आणि पुलाला कठडा एकाच बाजूला आहे.

"ओयी! कुठे चाललात?"

"घरी जाते हो," ओयी अगदी अदबीनं म्हणाल्या. "फार दिवस राहिले तुमच्याकडे. लोकांना त्रास तरी किती द्यायचा?"

"अहो, हेच तुमचं घर आहे! तुमच्या मुलाचं घर!"

"तुम्ही म्हणता तर असेल," ओयी म्हणाल्या, पण पाऊल मागे घेईनात. शेवटी झुलखुमोरनं दंड धरून त्यांना ओढतच आणलं. कणकेची बोटं ओयींच्या बाहीवर उमटली. वाटेत दोन बायका थांबून बघत होत्या. "काय बघताय? तुमच्या घरी म्हाताऱ्या होणार नाहीत वाटतं?" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

हे आता रोजचंच झालं होतं. दुपारचा चहा झाला की ओयी बोचकं बांधायच्या. त्यात एक झगा, एक कंगवा आणि रुमालात गुंडाळलेला भाकरीचा तुकडा. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला होता. नवीन काही लक्षात राहणार नाही, म्हणाले होते. घरानं त्यातून एक वाक्य उचललं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं: "तिला काय, दोन मिनिटांत विसरते!"

वाचकहो, झुलखुमोर दुष्ट नव्हती. आपल्यापैकी कुणीही असावी तशीच होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी भाकरी पालथी ठेवली होती. भाकरी पालथी ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. पण ओयींनी पाहुण्यांच्या नकळत ती सुलटी केली आणि सुनेला एका शब्दानं बोलल्या नाहीत. झुलखुमोर हे विसरली नव्हती. पण माणूस थकतो हो! ओयी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायच्या, मीठ साखरेत ओतायच्या. मग झुलखुमोर ओरडायची. केस विंचरताना कंगवा जरा जोरातच फिरायचा. त्यांच्यासमोर शेजारणीला त्यांची गाऱ्हाणी सांगायची. सांगितलं तर काय बिघडलं? दोन मिनिटांत विसरतात!

चहाचंही तसंच. घोटभर चहा ओतला की ओयी तो पिऊन लगेच म्हणायच्या, "मला चहा नाही दिला?" किती वेळा उठायचं? म्हणून झुलखुमोरनं सोपा मार्ग काढला होता. एकदाच पियाला काठोकाठ भरायचा, समोर ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. ओयींना तिचं नाव आठवत नव्हतं, ती सून आहे हेही आठवत नव्हतं. तरी तिच्या सपातांचा आवाज आला की त्या झगा आवरून कोपऱ्यात सरकायच्या. नाव ठाऊक नसलेल्या बाईला कुणी घाबरतं का? आजारच तो, असं म्हणून तिनं तो विचार झटकला होता.

त्या रविवारी ओदिल, तिचा नवरा, बाजारातून कडी आणि कुलूप घेऊन आला. आईच्या खोलीला बाहेरून लावायला.

"कालव्यात पडली तर लोक मला काय म्हणतील? दुपारचं कोंडायचं, संध्याकाळी उघडायचं. तिला कुठे आठवणार आहे?"

 झुलखुमोरला मनातून सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली.

ओदिल चौकटीत स्क्रू पिळत होता, तोच फाटकातून होजर मावशी आत आली. ओयींची सख्खी धाकटी बहीण, नमनगानहून. सोन्याचे दात, मोठा आवाज, आणि न सांगता येण्याची सवय. ओदिलनं कुलूप झटकन उशीखाली सारलं.

"लपवू नकोस, दिसलं मला," मावशी म्हणाली आणि सरळ बहिणीजवळ जाऊन बसली.

ओयींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कुठल्या?"

"नमनगानची."

"माझी बहीण असते तिथे. ओळखता का?"

"ओळखते की. जिभेची फार तिखट आहे ती!"

"लहानपणापासून तशीच," ओयी हसल्या आणि ओळख पटली नसतानाही त्यांनी आपलं डोकं मावशीच्या खांद्यावर टेकलं. झुलखुमोर बघत राहिली. हे हसू तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली झुलखुमोरनं दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलं. भाकऱ्या, जर्दाळू, बदाम मांडले. रीतीप्रमाणे हिरवा चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला. मग मावशीच्या पियाल्यात दोन घोट चहा ओतला आणि छातीवर हात ठेवून, वाकून तो पुढे केला. त्यानंतर ओयींचा पियाला घेतला, सवयीनं काठोकाठ भरला आणि ओदिलकडे बघत बघत ठक्कन खाली ठेवला.

मावशीचा पियाला हातातच राहिला.

ओयींनी भरलेल्या पियाल्याकडे पाहिलं. मघाचं हसू मावळलं. कुणी घाई केल्यासारखा त्यांनी तो कढत चहा भराभर पिऊन टाकला. तोंड पुसलं, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून घराला दुवा दिली, आणि भिंत धरत उठल्या. बोचकं शोधू लागल्या.

"बघितलंत?" ओदिल हताशपणे म्हणाला. "रोज हे असं! चहा झाला की निघालीच!"

"बघितलं!" मावशी म्हणाली. "तू बघितलंस का? सूनबाई, पाहुण्याला पियाला भरून कधी देतात गं?"

झुलखुमोरला प्रश्नाचा रोख कळेना. "कधीच नाही देत, मावशी. थोडा थोडा ओतायचा, म्हणजे पाहुणा बसतो. भरून दिला तर..."

"भरून दिला तर काय?"

"तर पी आणि ऊठ, असं होतं."

बोलता बोलताच तिचा हात तोंडावर गेला. अरे देवा! रोज दुपारी आपण स्वतःच्या हातानं ओयींना घराबाहेर काढत होतो!

"पण मावशी," ओदिल म्हणाला, "आईला पोराचं नाव आठवत नाही, तिला पियाल्याची रीत आठवते?"

"साठ वर्षं त्या हातांनी चहा ओतलाय रे! ती रीत डोक्यात नसते, अंगात मुरलेली असते. ऐका दोघं. तुमच्या काकांना, माझ्या नवऱ्याला, हाच आजार होता. रोज सकाळी विचारायचे, 'अम्मा कुठे आहे?' मी खरं बोलणारी! सांगायची, 'अम्मा मेली, तुम्हीच पुरली.' ढसाढसा रडायचे. दुपारपर्यंत बातमी पार पुसलेली असायची. पण संध्याकाळपर्यंत डोळे गळत राहायचे. मी विचारायची, 'का रडताय?' म्हणायचे, 'कुणास ठाऊक.' घडलेलं विसरतात रे ही माणसं, पण त्यानं मनाला जे होतं ते तिथेच राहतं. आणि कुणाच्या हातून झालं तेही राहतं. शेवटी शेवटी मी दिसले की त्यांना रडूच यायचं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

मावशीचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

झुलखुमोरला सपाता आठवल्या. कोपऱ्यात सरकणाऱ्या ओयी आठवल्या. ओरडणं, कंगवा, शेजारणीपाशी केलेली गाऱ्हाणी. यातलं एकही ओयींना आठवत नव्हतं, आणि तरीही सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं! ती हुंदके देऊन रडू लागली.

"रडतेस कशाला? तू दमलीस हेही मला दिसतंय," मावशी म्हणाली आणि भाच्याकडे वळली. "आणि तू! कुलूप बसवायला सवड आहे, आईजवळ एक पियाला होईतो बसायला नाही! सगळा भार हिच्यावर टाकलास, म्हणून पियाला भरला गेला."

ओदिलची मान खाली गेली. तो उठला आणि चौकटीतले स्क्रू उलटे पिळू लागला.

झुलखुमोर दारापाशी गेली. ओयी बोचक्याला गाठ मारत होत्या. तिला पाहताच त्यांनी ते छातीशी धरलं.

"ओयी, चहा घ्याल?"

"नको हो. झाला. निघतेच मी."

"घोटभर घ्या. माझ्यासाठी."

झुलखुमोर गुडघ्यांवर बसली. दोन घोट ओतले, छातीवर हात ठेवला, वाकली. ओयींनी पियाल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो घेतला नाही. बोचकंही सोडलं नाही. त्या दिवशीही त्या निघाल्याच. झुलखुमोर या वेळी दंड धरून ओढत बसली नाही. त्यांच्या शेजारून चालत पुलापर्यंत गेली आणि त्या दमल्यावर परत घेऊन आली.

मनात बसलेली भीती एका दिवसात उठत नाही. घोटभर चहा, पुन्हा घोटभर चहा. लांबूनच हाक मारायची, मगच जवळ जायचं. कंगवा हळू. संध्याकाळी ओदिल कामावरून आला की पहिला पियाला आईजवळ बसून. कधी झुलखुमोरचा पारा चढायचा, मग ती अंगणात जाऊन उगाच झाडू मारायची. काही दुपारी ओयी तरीही निघायच्या. पण उन्हाळा सरत आला तशा सपातांच्या आवाजानं त्या कोपऱ्यात सरकेनाशा झाल्या.

मांडवावरची द्राक्षं उतरवली त्या दिवसांत होजर मावशी पुन्हा आली. ओदिलनं चौकटीतली भोकं लांबी भरून बुजवली होती, तरी ती दिसत होती. ओयी मांडवाखाली लोडाला टेकून बसल्या होत्या.

"काय हो, घरी नाही का जायचं?" मावशीनं मुद्दाम विचारलं.

ओयींनी झुलखुमोरकडे बोट दाखवलं. नाव नव्हतंच आठवत. सून म्हणूनही ओळख नव्हती. मावशीच्या कानाशी वाकून त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "कसली जाते! ही पोरगी उठू देईल तर ना! दर वेळी घोटभरच ओतते!"

 झुलखुमोरनं डोळे पुसले आणि आणखी घोटभर चहा ओतला.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत आज एक शरोफत ओयी बसलेली आहे. तिला काय कळतंय, असं म्हणून आपण तिच्याशी कसेही वागतो. तिला नाव कळत नसेल, वार कळत नसेल. पण आपण तिला 'बस' म्हणतोय की 'जा', हे तिला शेवटच्या श्वासापर्यंत कळतं! तिच्याशी रोज नीट वागा, कारण विसरण्याचा आजार तिला झालाय, आपल्याला नाही.